आघाडीवरच्या वार्ताहराला सोलापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

१९९९ च्या जून-जुलैमध्ये मी द्रास-कारगिलच्या आघाडीवर वार्ताहर म्हणून होतो. तेव्हापासून सोलापूर शहरात आणि जिल्ह्यातल्या शाळा-कॉलेजांत, वाचनालयांत, गणेश मंडळांच्या व्याख्यानमालांत त्याबद्दल बोलत आलो आहे. प्रश्न बहुतेक तेच येतात. पण कार्यक्रमाची वेळ संपते आणि निम्मी उत्तरं अर्धवट राहतात, म्हणून ती इथे लिहून ठेवतो. जवानांची, त्यांच्या गावांची आणि युनिटची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. का, ते पुढे येईलच.

सोलापूरचा पत्रकार कारगिलला पोहोचला कसा?

रेल्वेने. सोलापूरहून दौंड आणि दौंडला झेलम एक्सप्रेस. पुणे ते जम्मू जाणारी ही गाडी महाराष्ट्रातल्या फौजींची हक्काची गाडी. त्या जूनमध्ये तिच्या डब्यांत रजा रद्द होऊन परत निघालेली पोरंच पोरं होती. पॅसेजमध्ये काळ्या लोखंडी ट्रंका, त्यांवर पांढऱ्या रंगाने नंबर आणि नाव. झोपायला जागा नव्हती, तर दोघं-दोघं आळीपाळीने ट्रंकेवर बसून झोपत होते. कुणी लढाईबद्दल बोलत नव्हतं. पेरणी झाली का, पाऊस कुठवर आला, बहिणीचं स्थळ ठरलं का, एवढंच. मनमाड गेलं आणि मी वही बाहेर काढली, तेव्हा समोरचा म्हणाला, "सर, आत्ताच काय लिहिताय? वर चला, मग लिहा." मी वही ठेवून दिली आणि त्याच्याजवळचे शेंगदाण्याचे लाडू खाल्ले.

पुढे जम्मूहून बसने श्रीनगर, तिथून सोनमर्ग, आणि सोनमर्गहून रात्री झोजिला खिंड ओलांडून द्रास.

रात्री का?

कारण श्रीनगर-लेह महामार्ग शत्रूच्या डोळ्यांखाली होता. द्रासच्या वरची तोलोलिंगसारखी शिखरं घुसखोरांच्या ताब्यात गेली होती. वर बसलेला माणूस दुर्बिणीतून खालची एकेक गाडी मोजू शकत होता आणि तोफखान्याला नेमकी जागा सांगू शकत होता. म्हणून गाड्या दिवे बंद ठेवून अंधारात चालायच्या. ब्रेक मारला की मागचा लाल दिवा लागतो, म्हणून आमच्या ड्रायव्हरने ते बल्बच काढून खिशात टाकले होते. तोलोलिंग १३ जूनला परत मिळालं आणि रस्त्यावरचा ताण जरा सैलावला. मी त्यानंतर पोहोचलो, त्यामुळे आधीच्या तीन-चार आठवड्यांची भीषणता मी पाहिलेली नाही. ती फक्त ऐकली आहे.

परवानगी कोण देतं? कुणालाही जाता येतं का?

नाही. संरक्षण मंत्रालयाचा जनसंपर्क विभाग आणि तिथल्या भागातले लष्कराचे जनसंपर्क अधिकारी परवानगी देतात, कुठवर जायचं तेही तेच ठरवतात. मंत्रालय पत्रकारांसाठी संरक्षण वार्ताहरांचा एक अभ्यासक्रमही चालवतं. तिन्ही दलांच्या तळांवर नेऊन काही आठवडे शिकवतात. ज्यांना या कामात खरंच यायचं आहे त्यांनी तो आधी करावा. मी तो न करता गेलो, आणि पहिला आठवडा बटालियन आणि ब्रिगेड यांतला फरक समजून घेण्यातच गेला. त्यात ज्यांनी मला समजावलं त्यांचा वेळ गेला, आणि त्या दिवसांत त्यांच्याकडे वेळ सोडून बाकी सगळं होतं.

तुमच्याकडे बंदूक असायची का?

कधीच नाही. हा प्रश्न लहान मुलं हमखास विचारतात, म्हणून नीट सांगतो. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार सैन्याच्या परवानगीने सोबत गेलेला वार्ताहर शत्रूच्या हाती पडला, तर त्याला युद्धकैद्याची वागणूक मिळाली पाहिजे. तो सैन्यासोबत आहे, पण सैन्याचा भाग नाही. १९७७ च्या पहिल्या पूरक करारात पत्रकाराला सामान्य नागरिकाचं संरक्षण दिलं आहे. भारताने तो करार स्वीकारलेला नसला तरी त्यामागचा विचार जगभर मानला जातो. हातात शस्त्र घेतलं की हे संरक्षण आपणच फेकून देतो. म्हणून लष्करी रंगाचे, ठिपक्यांचे कपडेसुद्धा घालायचे नाहीत. हौसेने तसलं जॅकेट घालून फोटो काढणारे पाहिले की मला काळजी वाटते. लांबून दुर्बिणीत बघणाऱ्याला तुमच्या गळ्यातलं ओळखपत्र दिसत नाही, फक्त जॅकेट दिसतं.

तोफगोळा आवाजावरून ओळखता येतो म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, आणि दोन दिवसांत शिकता येतं, कारण शिकावंच लागतं. आपली तोफ उडाली की आधी धडाका होतो, छातीत बसतो, आणि मग गोळ्याची शीळ आपल्यापासून लांब लांब जाते. समोरून येणाऱ्याची शीळ आधी ऐकू येते आणि धडाका नंतर. शीळ ऐकू आली की विचार करायचा नाही, जमिनीला चिकटायचं. माझ्या पहिल्या वेळी मी उभा राहून आकाशाकडे बघत होतो, गोळा दिसेल म्हणून. एका हवालदाराने "साब, नीचे!" म्हणत माझी मान धरून मला नाल्यात दाबलं. तोंडात बारीक खडे गेले, ओठ फुटला. गोळा बराच लांब पडला होता. तरी उठल्यावर त्याने माझ्या पाठीवरची धूळ झटकली, आई झटकते तशी, आणि पुन्हा आपल्या कामाला लागला. त्याचं नावही मला विचारता आलं नाही.

कारगिलचं युद्ध मोठ्या प्रमाणावर तोफखान्याने लढलं गेलं. आपल्या बाजूने अडीच लाखांवर गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली गेली. बोफोर्सची १५५ मिलिमीटरची तोफ एरवी डोंगरापलीकडचं, न दिसणारं लक्ष्य गाठते. इथे तिची नळी सरळ समोरच्या कड्यावर रोखून मारा केला गेला, कारण लक्ष्य डोळ्यांना दिसत होतं आणि वर चढणाऱ्या पायदळाला तेवढीच आड होती.

टायगर हिलची लढाई तुम्ही पाहिली का?

खालून पाहिली. शिखर १६,५०० फुटांहून उंच, आम्ही द्रासमध्ये, जेमतेम ११ हजार फुटांवर. ३ जुलैच्या संध्याकाळी तोफा सुरू झाल्या आणि डोंगर रात्रभर पेटत-विझत राहिला. ४ जुलैला सकाळी शिखर हाती आल्याची बातमी आली. खालून जे दिसत होतं तो उजेड होता. त्या उजेडात दोर धरून, जवळपास उभ्या कड्यावर, पाठीवर दारूगोळा घेऊन चढणारी माणसं होती, ती मला दिसली नाहीत. म्हणून 'मी टायगर हिलची लढाई पाहिली' असं मी कुठे म्हणत नाही, आणि माझी ओळख करून देताना कुणी म्हणालं तर दुरुस्त करतो.

तिथे काय खायचात? थंडी सोसली का?

मे महिन्यात सोलापूरचा पारा चव्वेचाळीसला टेकतो. तिथून निघालेल्या माणसाला जूनच्या रात्री द्रासमध्ये दात वाजतात, एवढं सांगतो. सोबत आपली सोलापुरी चादर नेली होती. ती पांघरून नाही, अंगाखाली घालून उपयोगी पडली, कारण थंडी खालच्या दगडातून येते.

थंडीपेक्षा विरळ हवा जास्त छळते. लष्करात उंचीची सवय करून घेण्याचे टप्पे ठरलेले आहेत: ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस, १५ हजारांपर्यंत आणखी चार, त्यावर आणखी चार. मी एका रात्रीत वर गेलो होतो. दुसऱ्या दिवशी डोकं असं दुखलं की अक्षरं दिसेनात. नर्सिंग असिस्टंटने मला झोपवून ठेवलं आणि बजावलं, "पाणी पीत राहायचं, हिंडायचं नाही."

त्या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आतच उकळतं, त्यामुळे डाळ कुकरशिवाय शिजत नाही. लंगरमध्ये, म्हणजे लष्कराच्या स्वयंपाकघरात, पुरी-भाजी, शक्करपारे आणि चहा. वर ठाण्यावर जाणाऱ्यांच्या खिशात बहुतेक कोरडंच. माझ्या पिशवीत सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होती. कडक भाकरी महिनाभर टिकते आणि तिला ना चूल लागते ना पाणी. एका संध्याकाळी ती काढली, तर कोल्हापूरकडचा, नाईक हुद्द्याचा एक जवान कुठूनसा उठून आला. चटणीचा नुसता वास घेतला, डबा परत माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "पहिल्यांदा तुम्ही खावा." मग आम्ही सहाजणांनी दोन भाकरी खाल्ल्या. तिघांना मराठी येत नव्हतं, पण चटणीचं नाव त्यांनी पाठ करून घेतलं.

भीती वाटायची का?

हो. रोज. दिवसा कामात कमी, पहाटे जाग आल्यावर जास्त.

बातमी पाठवायचात कशी? तेव्हा मोबाईल नव्हते ना?

तिथे नव्हते. मोठ्या वाहिन्यांकडे उपग्रहावर चालणारी यंत्रणा होती, म्हणून तर कारगिल हे देशाने टीव्हीवर पाहिलेलं आपलं पहिलं युद्ध. जिल्हा पातळीवरच्या दैनिकाच्या माणसाकडे वही आणि पेन्सिल. पेन्सिलच, कारण उंचीवर बॉलपेन गळतं किंवा गोठतं. मजकूर लिहायचा, खाली जाणाऱ्या गाडीत जागा मागायची, १४० किलोमीटर मागे श्रीनगरला यायचं, फॅक्स करायचा. फॅक्सवर मराठी हस्ताक्षराचा पार चिखल व्हायचा. मग एसटीडी बूथवरून फोन लावून डेस्कवरच्या माणसाला ओळ न् ओळ सांगायची. मध्येच लाइन जायची.

तुमच्या हातून काही चूक झाली का?

झाली. मी ती दरवेळी सांगतो, आणि इथेही पूर्ण सांगतो.

जूनच्या शेवटी मजकूर पाठवायला श्रीनगरला आलो होतो. लष्कराच्या रुग्णालयात जखमींना भेटायची परवानगी मिळाली. तिथे मंगळवेढ्याकडचा एक जवान भेटला, तोफखान्यातला. गोळ्याचा तुकडा उजव्या खांद्यात घुसला होता. तेवीस वर्षांचा. सोलापूर म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. गड्ड्याची जत्रा, पार्क चौक, एसटी स्टँडसमोरचा चहा, सगळं विचारून झालं. मी निघालो तेव्हा म्हणाला, "सर, घरी मीच पत्र लिहिणार आहे. आईला माझ्याच अक्षरातून कळू दे." त्याचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. मला वाटलं, पोरगा बोलायला म्हणून बोलतोय.

आणि मी त्याचं नाव दिलं. गाव दिलं, तालुका दिला. आपल्या जिल्ह्याचा जवान आघाडीवर जखमी झालाय, ही आपल्या वाचकांची बातमी आहे, असं मला वाटलं होतं. फोनवर सांगताना वाक्य होतं, 'जखमी झाला असून प्रकृतीला धोका नाही.' लाइन खरखरत होती. छापून आलं ते फक्त 'जखमी'. डेस्कवरच्या माणसाला मी दोष देत नाही. नाव मी सांगितलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

अंक तिसऱ्या दिवशी गावात पोहोचला. त्याने सांगून, दुसऱ्याच्या हाताने लिहवून घेतलेलं पत्र ५६ एपीओच्या, म्हणजे लष्करी टपालाच्या, शिक्क्याने नवव्या दिवशी आलं. मधल्या सहा दिवसांत त्या घरात काय झालं असेल, ते मी ऑगस्टमध्ये परत आल्यावर जाऊन ऐकलं.

एसटीने मंगळवेढा, पुढे एकाच्या मोटारसायकलवर. काळी रानं रब्बीच्या ज्वारीसाठी राखून ठेवलेली. घरात आई, वडील आणि धाकटी बहीण. मी कोण ते सांगितलं. आई आत गेली आणि पेपरची घडी घेऊन आली. तिला वाचता येत नव्हतं. शेजारच्या पोराने वाचून दाखवलं होतं, आणि सहा दिवस ती रोज त्याला बोलावून तेवढीच ओळ परत वाचायला लावायची, आज काहीतरी जास्त निघेल म्हणून. ती माझ्यावर रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तुमी डोळ्यांनी बघितलाव न्हवं त्याला? मग सांगा, हाताची बोटं हलत व्हती का?"

मला आठवेना. तोफेचा व्यास माझ्या वहीत होता, शिखराची उंची होती, त्याचं गाव आणि तालुका होता. बोटं हलत होती की नाही हे मी पाहिलंच नव्हतं.

त्यानंतर मी दोन गोष्टी पाळल्या. घरी अधिकृत निरोप पोहोचल्याची खात्री झाल्याशिवाय एकही नाव लिहिलं नाही, दुसऱ्याने आधी छापलं तरी. आणि जखमी माणसाला भेटलो की आधी हात-पाय बघतो, मग वही काढतो.

सैनिकांच्या पंगतीत जेवून त्यांच्या चुका लिहिता येतात का?

पत्रकारितेचे विद्यार्थी हा विचारतात, आणि हा सगळ्यात अवघड आहे. ज्याने तुमची मान धरून तुम्हाला वाचवलं त्याच्याबद्दल तुम्ही तटस्थ राहू शकत नाही. राहतो म्हणणारा एकतर तिथे गेलेला नसतो किंवा खोटं बोलत असतो. २००३ च्या इराक युद्धात अमेरिकेने शेकडो पत्रकारांना तुकड्यांबरोबर जोडून दिलं, तेव्हा हीच चर्चा जगभर झाली. तुकडीच्या गाडीतून जे दिसतं तेवढंच लिहिलं जातं, गाडीखालच्या माणसाचं राहून जातं.

पण आपुलकी वाटली म्हणून तोंड बंद ठेवायचं, हे मला मान्य नाही. कारगिलमध्ये घुसखोरीचा सुगावा वेळेत लागला नाही. ३ मे रोजी ती पाहून लष्कराला सांगणारा माणूस होता गारखोन गावचा मेंढपाळ, ताशी नामग्याल. सुरुवातीला वर गेलेल्या पोरांकडे त्या उंचीला लागणारे कपडे आणि साधनं पुरेशी नव्हती. हे लिहिणं म्हणजे सैन्याविरुद्ध लिहिणं नव्हे. उलट त्या कपड्यांत कुडकुडणाऱ्याचीच ती बाजू आहे. सरकारनेही के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून हेरगिरीतल्या त्रुटी तपासल्या. जवान कुठे आहे हे लिहू नये, पण त्याच्या पायात काय आहे हे लिहावं. ५२७ जवान त्या युद्धात गेले. त्यांच्या घरच्यांना दोन्ही कळायला हवं, ते कसे लढले आणि त्यांना काय मिळालं नव्हतं.

द्रासच्या नागरिकांबद्दल मी तेव्हा फार कमी लिहिलं, ही खंत आहे. घरं सोडून गेलेली कुटुंबं, सामान वाहणारे स्थानिक हमाल, खेचरवाले. त्यांची नावं माझ्या वहीत फक्त तीन आहेत.

मुलींना या क्षेत्रात जाता येतं का?

येतं. कारगिलच्या आघाडीवरूनही महिला पत्रकारांनी वार्तांकन केलं, देशाने ते पाहिलं. घरच्यांना समजावणं अवघड जातं हे मान्य. त्यासाठी माझ्याशी बोलायचं असेल तर पालकांनी खुशाल यावं.

आता सगळं लाइव्ह दिसतं, मग वार्ताहर कशाला?

लाइव्ह दिसतं म्हणूनच. २६/११ ला वाहिन्यांनी कमांडो कारवाई थेट दाखवली आणि पुढे त्यावर नियम आले. दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण करायला केबल टीव्हीच्या नियमांत आता बंदी आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर माहिती व प्रसारण मंत्रालयाने पुन्हा सूचना काढली, की लष्करी हालचाली थेट दाखवू नका. त्या सूचनेत कारगिलचाही दाखला होता.

हे फक्त वाहिन्यांसाठी नाही, आपल्यासाठीही आहे. सोलापूर मुंबई-चेन्नई मार्गावरचं मोठं स्टेशन. कधी लष्कराची गाडी, तिच्यावर ताडपत्रीने झाकलेली वाहनं दिसली, तर हात जरूर हलवा, पाण्याची बाटली द्या, पण रील करू नका. कोणत्या दिवशी, किती वाजता, किती डबे, कुठल्या दिशेने, हे सगळं त्या पंधरा सेकंदांत असतं. तोलोलिंगवर बसलेल्या माणसाला हेच मोजायला दुर्बीण लागत होती.

सोलापूरचा आणि रणांगणाचा काय संबंध?

डॉ. द्वारकानाथ कोटणीस. आपल्या सोलापूरचे, १९१० चा जन्म. जपानने चीनवर आक्रमण केलं तेव्हा १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक गेलं, त्यात ते होते. बाकीचे परतले, ते आघाडीजवळ जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. भैय्या चौकाजवळच्या त्यांच्या स्मारकात आपल्या मुलांना घेऊन जा. मी कारगिलला निघण्याआधी त्यांच्या घरावरून चालत गेलो होतो. तेव्हा आजचं स्मारक झालेलं नव्हतं. उगाच पाच मिनिटं थांबलो. काय मागितलं ते आठवत नाही.

या कामात पत्रकार मरतात का?

मरतात. पुलित्झर पुरस्कार मिळवलेले आपले छायाचित्रकार दानिश सिद्दीकी १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्दकला मारले गेले. ते अफगाण सैन्याच्या तुकडीबरोबर होते. म्हणून जायच्या आधी विमा, प्रथमोपचाराचं शिक्षण, रक्तगट लिहिलेलं कार्ड. रक्तस्राव थांबवता येत नसेल तर जाऊ नका. तुमच्यासाठी एक जवान अडकून पडतो.

तुमची कारगिलची वही बघायला मिळेल का?

मिळेल. शाळांमध्ये येताना सोबत आणतो. पाठीमागचा पुठ्ठा सुटलाय, जपून हाताळा. ज्या पानावर नाव-गाव आहे ते पान मी पट्टी लावून झाकलेलं आहे, ते उघडू नका. त्याच पानाच्या खालची ओळ मात्र वाचता येते. तो जवान दिवाळीत सुट्टीवर आला तेव्हा मी पुन्हा गावी गेलो होतो. गोठ्यातली म्हैस चरायला सोडायची होती. परत आल्यावर तारीख घालून लिहिलं आहे: 'उजव्या हाताने दावं सोडलं. गाठ पक्की होती.'